विश्लेषण : घरामागच्या गॅरेजात जन्मली ‘लोटस’... कॉलिन चॅपमन यांनी जुन्या ऑस्टिनची स्पोर्ट्स कार कशी केली?

१९४७ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये खासगी मोटारींना मिळणारे पेट्रोलचे रेशन बंद झाले. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे उलटली होती, पण देशाची तिजोरी रिकामी होती आणि बाहेरून तेल आणायला डॉलर नव्हते. गाडी आहे पण पेट्रोल नाही, म्हटल्यावर लंडनच्या जुन्या मोटारींच्या बाजारात भाव कोसळले. त्या बाजारात कॉलेज सांभाळून सेकंडहँड गाड्यांची खरेदी-विक्री करणारा १९ वर्षांचा एक विद्यार्थी होता. हातातल्या गाड्या त्याला तोट्यात काढाव्या लागल्या. शेवटी उरली ती एक जुनाट ऑस्टिन सेव्हन. तिचे काय करायचे, या प्रश्नाचे त्याने शोधलेले उत्तर पुढे फॉर्म्युला वनच्या सात सांघिक जगज्जेतेपदांपर्यंत पोहोचले. वाटेत काही जणांचे प्राणही गेले. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची ही कहाणी.

कॉलिन चॅपमन कोण होते?

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनच्या नैर्ऋत्येकडील रिचमंड येथे झाला. वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्से भागात ‘रेल्वे हॉटेल’ नावाचे मद्यगृह चालवत. चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. मोटार किंवा यंत्र अभियांत्रिकीला नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूल आणि इमारतींचे सांगाडे कमीत कमी लोखंडात कसे उभे राहतील, याचा तो अभ्यास होता. विद्यापीठाच्या हवाई तुकडीत ते विमान चालवायलाही शिकले. गणिताच्या पेपरात नापास झाल्यामुळे पदवी एक वर्ष लांबली. ज्या माणसाच्या आकडेमोडीवर पुढे अर्धे मोटारशर्यतींचे जग चालले, त्याच्या बाबतीत हा योगायोग गमतीचाच.

१९४४ मध्ये एका नृत्याच्या कार्यक्रमात त्यांची हेझल विल्यम्स यांच्याशी ओळख झाली. हेझल यांच्या आईवडिलांच्या मस्वेल हिल येथील घरामागे एक गॅरेज होते. न विकली गेलेली ऑस्टिन त्या गॅरेजात आली आणि १९४८ मध्ये बाहेर पडली तेव्हा तिचे नाव ऑस्टिन राहिलेले नव्हते. ती ‘लोटस’ झाली होती. हे नाव का ठेवले, हे चॅपमन यांनी जाहीरपणे कधीच सांगितले नाही. हेझल यांना ते लाडाने कमळाची उपमा देत, अशी एक समजूत आहे. तिच्यावर विसंबावे असा पुरावा नाही.

ऑस्टिन सेव्हनच का?

कारण ती स्वस्त होती, साधी होती आणि गल्लोगल्ली होती. १९२२ ते १९३९ या काळात या छोटेखानी गाडीच्या सुमारे २ लाख ९० हजार प्रती निघाल्या. इंजिन अवघे ७४७ सीसीचे. नावातला ‘सात’ हा आकडा प्रत्यक्ष ताकदीचा नव्हे, तर रस्ताकरासाठी मोजल्या जाणाऱ्या अश्वशक्तीचा. युद्धानंतर ब्रिटनमध्ये नव्या मोटारी बहुतांश निर्यातीला जात, त्यामुळे तरुणांच्या हाती येत त्या युद्धापूर्वीच्या जुन्या गाड्या. भंगारवाल्याकडे ऑस्टिन सेव्हनचे हवे ते सुटे भाग मिळत आणि साध्या पान्यांनी ती पूर्ण खोलता येई.

वरचे अंग उतरवायचे, खालचा सांगाडा आणि इंजिन ठेवायचे आणि त्यावर आपल्या मनासारखी हलकी दोन आसनी गाडी बांधायची, हा तेव्हाचा हौशी मंडळींचा उद्योग होता. अशा गाडीला ‘स्पेशल’ म्हणत. १९३९ मध्ये स्थापन झालेला ‘७५० मोटर क्लब’ हा याच मंडळींचा अड्डा. लोला कंपनीचे एरिक ब्रॉडली याच वर्तुळातून पुढे आले. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, ब्रूस मॅक्लारेन या मुलानेही वडिलांच्या पेट्रोल पंपावर ऑस्टिन सेव्हन उलगडूनच सुरुवात केली. आजच्या शर्यतींच्या जगातील निम्म्या घराण्यांचे मूळ पुरुष एकाच गाडीच्या पोटाखाली आडवे पडून शिकले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

गॅरेजात नेमके काय केले?

ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा वरून पाहिला तर इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा दिसतो. पुढे निमुळता, मागे रुंद आणि अगदी सपाट. पुढच्या बाजूला एक आडवा कमानपाटा, मागे दोन छोटे पाटे. खराब रस्त्यावर एक चाक वर गेले की पाट्याने वाकायचे, तर त्याऐवजी अख्खा सांगाडाच पिळवटे. मग चाके कुठे बघताहेत, याचा भरवसा राहत नसे.

इथे चॅपमन यांचे स्थापत्याचे शिक्षण आणि विमानांशी आलेला संबंध कामी आला. काडेपेटीचा आतला ट्रे एकटाच हातात घेऊन पिळला तर सहज वाकतो. बाहेरच्या खोक्यात सरकवला की तोच ट्रे दाद देत नाही. दोन्ही कागदाचेच, पण बंद खोक्याला पीळ सहन करता येतो. चॅपमन यांनी ऑस्टिनचे जुने अंग काढून टाकले आणि अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडचे नवे अंग बांधले. आत आडव्या भिंती घातल्या. म्हणजे गाडीचे अंग आता नुसते झाकण राहिले नाही. ते सांगाड्याला ताठ धरणारे खोके झाले. विमानाच्या धडात हेच तत्त्व वापरलेले असते.

ही गाडी वेगाच्या शर्यतीसाठी नव्हतीच. त्या काळी ब्रिटनमध्ये चिखलाच्या चढांवर गाडी न थांबता वर नेण्याच्या स्पर्धा होत. चाकांना पकड मिळावी म्हणून शेजारी बसलेला भिडू आसनावर उड्या मारत असे. अशा स्पर्धांत जड गाडी चिखलात रुतते, हलकी वर जाते. चॅपमन आणि हेझल यांनी आपली गाडी या स्पर्धांत उतरवली आणि ती चढ चढू लागली. गॅरेजातल्या कामात हेझल यांचा हात होता, तसाच पुढे कंपनीच्या हिशेबातही. लोटसच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा कंसात येते. ते न्याय्य नाही.

वजन घटवले की नेमके काय होते?

गाडी वेगवान करायची तर इंजिन मोठे करा, हा सरळ विचार. चॅपमन यांनी तो उलटा केला. ताकद वाढवली तर तिचा उपयोग मुख्यतः सरळ रस्त्यावर होतो. वजन घटवले तर त्याचा फायदा सगळीकडे मिळतो. वेग लवकर येतो, ब्रेक लवकर लागतो, वळणावर गाडी कमी फेकली जाते, टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागते. शिवाय हे साखळीसारखे चालते. अंग हलके झाले की पाटे हलके चालतात. पाटे हलके झाले की त्यांना धरणारे कंस हलके करता येतात. ब्रेक लहान पुरतात.

घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक हिशेब होता. इंजिनातून दहा टक्के जादा ताकद काढायची तर लेथ, चांगला टर्नर आणि पैसा लागतो. दहा टक्के वजन काढायला करवत आणि डोके पुरते. पैसे नसलेल्या मुलाला सुचलेली ही युक्ती पुढे त्याचा स्वभाव बनली आणि पैसे आल्यावरही सुटली नाही.

पण वजन काढायचे कुठून, हा खरा प्रश्न आहे. सरसकट सगळे बारीक केले तर गाडी मोडते. चॅपमन यांची पद्धत अशी की, प्रत्येक भागाने दोन कामे करावीत. मग दुसऱ्या कामासाठी वेगळा भाग लागत नाही. पुढे लोटस सेव्हनमध्ये गाडीचा झोल रोखणारा आडवा दांडाच पुढच्या चाकाचा वरचा हातही झाला. १९६२ च्या लोटस इलानमध्ये बोनेटमधून वर येणारे दिवे इंजिनाच्या निर्वाताने उचलले जात आणि त्या निर्वाताची टाकी म्हणून सांगाड्याची पुढची पोकळ आडवी नळीच वापरलेली होती. कल्पना अफलातून. मात्र त्या नळीला गंज लागून बारीक भोक पडले की सुरुवातीच्या इलानचे दिवे आपोआप मिटू लागत. दिव्यांचा दोष शोधायला सांगाडा तपासावा लागतो, हे जुनी इलान पाळणाऱ्यांना चांगलेच ठाऊक असते.

क्लबने नियम का बदलला?

मधल्या काळात चॅपमन हवाई दलात थोडा काळ राहिले. कायमची नोकरी त्यांनी नाकारली. त्याच दरम्यान फोर्डचे इंजिन बसवलेली दुसरी गाडी झाली. जून १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनला या घरगुती गाडीने एका बुगाटीला मागे टाकले. तिथून चिखल सुटला आणि शर्यतीचा रस्ता लागला.

तिसरी गाडी १९५१ ची. ७५० क्लबच्या शर्यतींसाठी ऑस्टिन सेव्हनचेच इंजिन आणि सांगाडा वापरण्याची अट होती. मायकेल आणि नायजेल अॅलन या भावांच्या घरच्या गॅरेजात ती तयार झाली. या गाडीतली एक करामत गाडी स्वतः खोलणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

ऑस्टिनच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी तोंडे दोनच. म्हणजे शेजारच्या दोन सिलिंडरांनी एकाच तोंडातून श्वास घ्यायचा. हे दोन श्वास एकामागोमाग येत. पहिल्याने ओढून घेतले की दुसऱ्याच्या वाट्याला विस्कळीत प्रवाह येई, त्यामुळे दोघेही कधी सारखे भरत नसत. एका नळावर दोन बिऱ्हाडांनी एकदम पाणी भरावे, तसा प्रकार. चॅपमन यांनी त्या तोंडात मधोमध पडदा घातला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वाट करून दिली. इंजिन तेच, सीसी तेवढेच, पण भरणे नीट होऊ लागले. त्या हंगामात ही गाडी इतरांना सापडेनाशी झाली.

नियमात असा पडदा घालू नये, असे कुठेही लिहिलेले नव्हते. क्लबने मग तसे लिहिले. नियम वाचताना त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही हे शोधायचे, ही चॅपमन यांची आयुष्यभराची सवय. तिची सुरुवात ही अशी झाली. १९८१ मध्ये त्यांची दोन सांगाड्यांची लोटस ८८ शर्यतीपूर्वीच बाद ठरवली गेली, तेव्हा अनेकांना या जुन्या पडद्याची आठवण झाली असेल.

तबेल्यात कारखाना कसा सुरू झाला?

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनीअरिंग सुरू झाली, वडिलांच्या मद्यगृहामागच्या जुन्या तबेल्यात. भांडवल म्हणून हेझल यांच्याकडून उसने घेतलेले थोडे पैसे. चॅपमन दिवसा ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करत आणि संध्याकाळी तबेल्यात येत. हे १९५४ च्या अखेरीपर्यंत चालले; त्याच वर्षी त्यांचा हेझल यांच्याशी विवाह झाला.

कामाला येणारे बरेचसे बिनपगारी हौशी होते. डी हॅविलंड या विमान कंपनीतले माइक कॉस्टिन संध्याकाळी येत. त्यांचे भाऊ फ्रँक यांनी लोटसला हवेला कापणारे आकार दिले. पुढे दोनदा जगज्जेते झालेले ग्रॅहम हिल इथे रोजी एक पौंडावर मेकॅनिक होते. गिअरबॉक्सवर काम करणारे कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन यांनी १९५८ मध्ये मिळून कॉसवर्थ ही इंजिन कंपनी काढली. चॅपमन यांच्याजवळ माणसे ओढून घेण्याची विलक्षण ताकद होती. त्यांना दमवण्याचीही.

तबेल्यातली पहिली विक्रीची गाडी म्हणजे मार्क सिक्स. आता ऑस्टिनचा सांगाडा सुटला होता. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून केलेली चौकट तिच्या जागी आली आणि तिचे वजन अवघे ५५ पौंड, म्हणजे २५ किलो होते. एका माणसाने उचलावी एवढीच. त्रिकोण मोडत नाही, हे पुलांचे तत्त्व इथे मोटारीत आले. पुढचा अॅक्सल मात्र फोर्डचाच. मधोमध कापून बिजागरीवर टांगलेला, जेणेकरून दोन्ही चाके स्वतंत्र हलावीत. या गाडीचा पहिला नमुना शर्यतीला नेताना ब्रेडच्या गाडीवर आदळून मोडला. विम्याचे पैसे मिळाले आणि रोखीच्या टंचाईतली कंपनी तगली.

गाडी सुट्या भागांत का विकली जाई?

याचे कारण करात होते. तेव्हा ब्रिटनमध्ये नव्या तयार मोटारीवर जबर खरेदी कर लागे. सुट्या भागांवर तो लागत नसे. चॅपमन यांनी चौकट, अंग, सस्पेन्शनचे भाग असा संच विकायला काढला. इंजिन, गिअरबॉक्स ग्राहकाने एखाद्या जुन्या फोर्डमधून काढून आणायचे आणि गाडी घरी जोडायची. मार्क सिक्सच्या शंभराहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या. तिची जागा घेणारी लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली आणि १९७२ पर्यंत चालली. सुरुवातीची तयार गाडी करासह १,०३६ पौंडांची आणि घरी जोडायचा संच ५३६ पौंडांचा होता. जवळजवळ निम्म्यात काम.

संचासोबत जोडणीची माहितीपुस्तिका दिली तर ती तयार गाडी धरली जाई, म्हणून लोटस गाडी खोलण्याची पुस्तिका देई आणि ग्राहकाने ती उलटी वाचायची, असा एक किस्सा सेव्हनचे मालक रंगवून सांगतात. किस्सा शंभर टक्के खरा असो वा नसो, चॅपमन यांच्या स्वभावाला तो शोभतो.

याचा एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेतलेला नसावा. ज्याने गाडी स्वतः जोडली, त्याला ती स्वतः दुरुस्तही करता येते. कुठला बोल्ट कुठे आहे हे त्याच्या बोटांना माहीत असते. हजारो ब्रिटिश तरुणांनी आठवड्याच्या सुट्टीत घरच्या गॅरेजात सेव्हन जोडली, त्यात जास्त ताकदीचे इंजिन घातले, कार्ब्युरेटर बदलले, ब्रेक बदलले आणि रविवारी त्याच गाडीने शर्यतीला जाऊन सोमवारी तिनेच कामावर गेले.

सेव्हनची घरची देखभाल सोपी होती का?

हात पोहोचण्याच्या दृष्टीने, हो. बोनेट अख्खे उचलून बाजूला ठेवता येते, चाके उघडी, दरवाजे नाहीतच. पण हलकी गाडी चुका कमी माफ करते. तिच्यात कुठलाच भाग गरजेपेक्षा फार जाड नसतो. म्हणून नळ्यांच्या सांध्यांना तडे गेलेत का, सस्पेन्शनची रबरे झिजलीत का, थरथरीने बोल्ट ढिले झालेत का, हे वारंवार पाहावे लागते. आतल्या बाजूला रिबेट मारलेला अॅल्युमिनियमचा पत्रा नुसता आडोसा नसतो. चौकटीच्या ताठपणात त्याचा वाटा असतो. तारा किंवा नळी न्यायला सोयीचे म्हणून त्यात मोठे भोक पाडले की गाडी पीळ खाऊ लागते.

१९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत खर्च वाचवण्यासाठी नळ्या कमी केल्या. मागचा अॅक्सल दुसऱ्या कंपनीच्या साध्या घरगुती मोटारीचा घेतला आणि त्याला धरणारा त्रिकोणी हात अॅक्सलच्या मधल्या घराला खालून जोडला. जोर सगळा त्या घरावर. ते घर गिअर सांभाळायला बनवलेले, गाडी ओढायला नव्हे. परिणामी तिथे तडे जात आणि तेल गळे. इंजिन वाढवले की गळती लवकर सुरू होई. जुन्या सेव्हनचे मालक आजही गाडी घेताना आधी खाली वाकून तिथे तेलाचा डाग आहे का, ते पाहतात. एका भागाला दोन कामे द्यायची, पण त्याला ती झेपतील का हे तपासायचे नाही, तर काय होते त्याचा हा छोटा नमुना. शर्यतीच्या मैदानात हाच हिशेब फार महाग पडला.

फॉर्म्युला वनमध्ये काय बदलले?

गॅरेजातली काडेपेटी १९६२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आली. लोटस २५ मध्ये नळ्यांची चौकटच काढून टाकली होती. अॅल्युमिनियमच्या पत्र्याची पोकळ नाव, तिच्यातच चालक, तिच्याच बाजूंना पेट्रोल. आधीच्या नळीच्या सांगाड्याच्या तुलनेत वजन निम्मे आणि ताठपणा तिप्पट. स्कॉटलंडच्या जिम क्लार्क यांनी या घराण्यातल्या गाड्यांवर १९६३ आणि १९६५ चे जगज्जेतेपद मिळवले, शिवाय १९६५ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली. आज प्रत्येक फॉर्म्युला वन गाडी पत्र्याऐवजी कार्बन फायबरची का होईना, पण अशीच पोकळ नाव असते.

१९६७ च्या लोटस ४९ मध्ये मागचा सांगाडाच नव्हता. फोर्डच्या पैशाने कॉसवर्थने बनवलेले इंजिन चालकाच्या पाठीमागे बोल्टने जोडलेले आणि मागची चाके थेट त्या इंजिनाला टांगलेली. इंजिनाने गाडी ओढायची आणि सांगाडाही व्हायचे. पहिल्याच शर्यतीत ती जिंकली. पुढे १९७८ च्या लोटस ७९ ने गाडीच्या पोटाखालच्या हवेलाच कामाला लावले. पोटाचा आकार उलट्या पंखासारखा केल्याने गाडी रस्त्याला चिकटे. मारिओ आंद्रेत्ती त्या गाडीवर जगज्जेते झाले. गाडी जिंकली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावत. प्रेक्षक त्या टोपीची वाट पाहत.

हलकेपणाची किंमत कोणी मोजली?

१९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले आणि ते गंभीर जखमी झाले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचे स्टीअरिंग मोडले. लोटसचे भाग मोडतात, ही ख्याती तिथून चिकटली. सगळेच अपघात चॅपमन यांच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. जिम क्लार्क यांचा ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइम येथे मृत्यू झाला, त्यात मागच्या टायरमधली हवा गेल्याचा संशय आहे. क्लार्क हे चॅपमन यांचे सर्वांत जवळचे मित्र होते आणि त्या धक्क्यातून ते कधी पूर्ण सावरले नाहीत.

योखेन रिंट यांची गोष्ट वेगळी. १९६९ च्या स्पेन शर्यतीत दोन्ही लोटस गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोन्ही चालक, ग्रॅहम हिल आणि रिंट, आदळले. त्यानंतर रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून, काही पौंड वजन वाढले तरी चालेल पण कमकुवत भाग मजबूत करा, अशी विनंती केली. या गाड्यांवर आपला विश्वास राहिलेला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. तरीही १९७० मध्ये ते लोटसबरोबरच राहिले, कारण लोटस जिंकत होती. पाच शर्यती त्यांनी जिंकल्या.

लोटस ७२ मध्ये पुढचे ब्रेक चाकाजवळ नव्हते. चाकाकडचे वजन कमी करण्यासाठी ते गाडीच्या आत घेतले होते आणि चाक व ब्रेक यांना जोडायला एक दांडा होता. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीच्या मोंझा येथे सरावात ब्रेक लावताना उजवीकडचा हा दांडा तुटला. गाडी कठड्यावर गेली. कठडाही नीट बसवलेला नव्हता. रिंट यांचा मृत्यू झाला. उरलेल्या शर्यतींत त्यांचे गुण कुणी ओलांडू शकले नाही आणि ते मरणोत्तर जगज्जेते ठरले. असे एकमेव. इटलीत यावरून खटला चालला. चॅपमन त्यातून सुटले. दांडा पुढे जाड झाला. लोटस ७२ आणखी पाच वर्षे धावली.

पाने कमी पडावीत इतके यश आणि ही यादी, दोन्ही एकाच वृत्तीतून आली. भाग कमीत कमी किती ठेवता येईल, हे शोधायचे तर कधीतरी तो मोडेपर्यंत जावे लागते. गॅरेजात भाग मोडला तर दुसऱ्या दिवशी दुसरा बसवता येतो. ताशी ३०० किलोमीटरला ही सोय नसते, आणि मोडण्याचा धोका पत्करणारा माणूस गाडीत बसलेला असतो, टोपी घालून कठड्याशी उभा असलेला नव्हे.

शेवटी काय झाले?

१९६६ मध्ये लोटस नॉरफोकमधील हेथेलच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर गेली. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या संचाची करसवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले. लोटस महागड्या गाड्यांकडे वळली. पुढे जॉन डिलोरियन यांच्या उत्तर आयर्लंडमधील मोटार कारखान्यासाठी गाडी घडवण्याचे काम तिने घेतले. त्या कारखान्यात ब्रिटिश सरकारचा पैसा होता. त्यातील सुमारे एक कोटी पौंड पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत परस्पर वळवले गेल्याचे नंतर उघड झाले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, चॅपमन यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चारच महिन्यांपूर्वी ऑस्ट्रियात एलिओ दे अँजेलिस यांनी केकी रॉसबर्ग यांना निसटत्या फरकाने हरवले, तेव्हा टोपी शेवटची उडाली होती. डिलोरियन प्रकरणात लोटसचे हिशेबनीस फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असे न्यायाधीशांनी नमूद केले. हेझल चॅपमन २०२१ पर्यंत, वयाच्या ९४ व्या वर्षापर्यंत जगल्या.

पहिली लोटस आज कुठे आहे?

कुणालाच ठाऊक नाही. मस्वेल हिलच्या गॅरेजातली ती गाडी चॅपमन यांनी १९५० मध्ये विकली आणि तिचा माग लागेनासा झाला. २०१८ मध्ये लोटसला ७० वर्षे झाली, तेव्हा त्यांचे पुत्र क्लाइव्ह चॅपमन यांनी जगभरच्या हौशी मंडळींना तिचा शोध घेण्याचे आवाहन केले. शोधणाऱ्यांपुढची अडचण अशी की, तिचे प्लायवूडचे अंग कुणी कधीच उतरवून टाकले असेल, तर खाली उरतो तो फक्त ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा. तशा जुन्या ऑस्टिन ब्रिटनमधल्या कितीतरी घरांच्या गॅरेजात आजही अर्ध्यामुर्ध्या खोललेल्या पडून आहेत.